रत्नागिरीत उतरायचं कुठे

उमापूर
१२ जानेवारी २०२५

सायली,

नावाआधी काय लिहावं यातच अर्धा तास गेला. 'चि.' लिहायला हात धजला नाही, आणि 'सौ.' लिहिलं तर तुझं लग्न मान्य केल्यासारखं होतं. म्हणून नुसतं सायली. राग मानू नको, आणि मानलास तरी पुढचं वाच.

पत्ता दिपालीने दिला. माझ्या सख्ख्या भावाची लेक, गेवराईला संगणकाचा वर्ग चालवते, पण काकाला एक पत्ता द्यायला तिने दोन महिने लावले. "काका, पत्र लिवा, पण फोन करायचा न्हाई. तसं कबूल केलंय मी तिला," म्हणाली. मी मान हलवली. तसाही माझा नंबर तू बंद करून ठेवला आहेस, ते मला माहीत आहे.

कामाचं लिहितो. तुझ्या आईच्या मनात समुद्र बघायचं आलं आहे. तुळजाबाईने जन्मात काही मागितलं नाही, आता साठीला आल्यावर तोंड उघडलंय तर नाही म्हणवत नाही. समुद्र मुंबईलाही आहे, गोव्यालाही आहे, पण तिथे आपलं ओळखीचं कोणी नाही. रत्नागिरीत तू आहेस. म्हणून रत्नागिरी ठरवली. फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा, चार दिवस.

तुझ्या घरी आम्ही उतरणार नाही, ती चिंता करू नको. ज्याचं दहावं घातलं त्याच्या हातचं अन्न, घालणाऱ्याने खायचं नाही, असं आपल्याकडे धरतात. जातीबाहेर लग्न करून तू गेलीस आणि तू जिवंत असताना मी गोदाकाठी गंगेवर जाऊन तुझ्या नावाचा पिंड ठेवला, डोकं भादरलं, स्टँडवर तुझ्या फोटोचा श्रद्धांजलीचा फलक लावला. येत्या वैशाखात सहा वर्षं होतील. ते का झालं, कुणी करायला लावलं, हा विषय मला या पत्रात नको. भाऊबंद होते, निवडणूक तोंडावर होती, वारंच तसं होतं.

तर प्रश्न उतरायचं कुठे हा आहे. दिपालीने फोनवर हॉटेलं दाखवली. एक आहे 'किनारा निवास'. फोटोत खिडकीतून समुद्र असा दिसतो की पलंगावरून पाय सोडले तर ओले होतील. फोटोखाली तिथे राहून गेलेल्या लोकांचे शेरे असतात, ते तिने वाचून दाखवले. एक बाई लिहिते, समुद्र दिसतो हे खरं, पण त्यासाठी न्हाणीघरातल्या बादलीवर उभं राहावं लागतं. दुसरं 'सागरछाया लॉज'. त्याला सगळे चांगलं म्हणतात, फक्त चादरींना दमट वास येतो असं तिघांनी लिहिलंय. आता समुद्राकाठच्या चादरीला दमट वास येणार नाही तर काय कडब्याचा येणार? लोकांना तक्रारीला कारण लागत नाही. मी दहा वर्षं सरपंच होतो, मला कुणी शिकवू नये.

तुझ्या आईचे गुडघे गेलेत, तेव्हा खोली तळमजल्यावर हवी. आणि तिने नारायणगडावर माळ घातली आहे. तू गेल्यानंतरची गोष्ट, तुला ठाऊक नसेल. तेव्हापासून अंड्याशेजारी शिजलेली भाजीही तिला चालत नाही. रत्नागिरीत तर म्हणे चहाच्या टपरीलाही मासळीचा वास. शोधून शोधून 'अन्नब्रह्म' नावाचं एक शाकाहारी भोजनालय काढलं आहे. तिथे चौघांचं टेबल मिळतं. तिथलं अन्न तुझ्या हातचं नाही आणि माझ्या घरचं नाही, त्यामुळे एकत्र बसायला कुणाची हरकत असायचं कारण नाही. तू, प्रविण, तुझी आई आणि मी. तू तुझं मागव, आम्ही आमचं मागवू.

दोन्ही लॉजपैकी तुझ्या घरापासून जवळ कोणतं, एवढंच कळव.

अण्णा


उमापूर
३० जानेवारी २०२५

सायली,

पत्र पोचल्याचं दिपाली सांगते. उत्तर नाही. घाईत असशील. मी माझं काम पुढे नेलं आहे.

'किनारा निवास' रद्द. तिथे जिना चढावा लागतो. 'सागरछाया' पक्कं होत आलंय. मी स्वतः फोन लावला. मालकाला विचारलं, तळमजला आहे का? आहे म्हणाला. समुद्र किती लांब? म्हणाला, "पाच मिंटांवर." कोकणातली पाच मिनिटं किती असतात कुणास ठाऊक. आपल्याकडची पाच मिनिटं म्हणजे दुपार.

मग 'अन्नब्रह्म'ला लावला. म्हटलं, "भाकर मिळती का?"

"मिळते की. तांदळाची."

"ज्वारीची न्हाई का?"

"ज्वारीची नाय हो. घावणे देऊ का?"

"घावणे म्हंजे काय असतंय?"

तो माणूस हसला, पण नीट समजावून सांगितलं. तांदळाचंच धिरडं म्हणायचं. तू खातेस का ते? लहानपणी तू ज्वारीची भाकरी दुधात चुरून खायचीस आणि वरून गूळ मागायचीस. गूळ संपला की माझ्या ताटाकडे बघायचीस. आता तिकडच्या भाताची सवय झाली असेल.

तुला लेक झाल्याचं कळलं. चार वर्षांची आहे म्हणे. दिपालीने नाव सांगितलं नाही, "ते तिलाच इचारा" म्हणाली. तिला काय आवडतं तेवढं कळव, म्हणजे टेबलावर तिच्यासाठी आधी सांगून ठेवता येईल. टेबल मग पाच जणांचं घ्यावं लागेल. तशी सोय आहे, मी विचारलं.

प्रविणबद्दल एक लिहायचं आहे. त्याचे आई-बाप चकलांब्याचे, दरसाल ऊस तोडायला जायचे, आणि त्याला मी एकदा तुझ्यासमोर 'कोयत्याचं पोरगं' म्हणालो होतो. तो शिकला, सरकारी नोकरीला लागला, हे मी तेव्हाही बघत होतो. बघूनही म्हणालो. आता त्यावर काय लिहू ते सुचत नाही, म्हणून पुढे जातो.

तुझी आई रोज विचारते, पत्र आलं का. तिच्यासाठी तरी दोन ओळी लिही.

अण्णा


उमापूर
११ फेब्रुवारी २०२५

सायली,

तुझं पत्र आलं. चार वाक्यं. "आईला पाठवा. ती माझ्या घरी राहील, हॉटेलात नाही. तुम्ही तिला स्टँडवर सोडून परत जा. माझ्यासाठी टेबल शोधू नका."

पहिल्यांदा राग आला. खोटं कशाला बोलू? बापाला असं लिहितात का? एवढ्या थराला गेलेल्या पोरीच्या दारात कशाला नाक घासायचं, असं म्हणून मी ते पत्र चुलीत घालायला निघालो होतो. तुझ्या आईने ते हातातून काढून घेतलं. तिला वाचता येत नाही. ती ते घेऊन शेजारच्या केशरबाईकडे गेली, तिच्या सुनेकडून वाचून घेतलं, परत आली आणि माळ्यावरची पेटी खाली ओढली. लुगडी भरली. माझ्याशी अवाक्षर नाही.

आता खरं लिहितो. सहा वर्षं ती माझ्याशी बोललेली नाही. स्वयंपाक करते, ताट वाढते, आणि मला काही सांगायचं असलं की दावणीच्या गाईला सांगते. "पीठ संपलंय गं," असं गाईला म्हणते, मग मी गिरणीत जातो. समुद्र बघायचं तिने कधीच म्हटलं नव्हतं. पत्र आलं का, असंही कधी विचारलं नाही. ते सगळं माझं. तिच्या नावावर खपवलं, कारण माझ्या नावावर तू पाकीट फोडलं नसतंस.

दुसरंही खोटं होतं. भाऊबंदांनी काही करायला लावलं नव्हतं. ते उलट नको म्हणत होते. "जित्या लेकीचं दहावं कावून घालतोस?" असं तुझा चुलता मला चारचौघांत म्हणाला होता. शहादेव, माझ्या पॅनलचा कारभारी, तो तेवढा हो म्हणाला. "सरपंच, हे केलं तर गाव तुमच्यामागं ऱ्हाईल, न्हाईतर मतं फुटली समजा." मी भाऊबंदांचं ऐकलं नाही, मतांचं ऐकलं. गंगेवर तासभर बसलो, कावळा शिवेना. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. बायका घाटावर येत नाहीत, तरी तुझी आई आली होती. सगळ्यांदेखत म्हणाली, "जित्या लेकराच्या घासाला कावळा कसा शिवंल?" माझ्याशी ती बोलली ते शेवटचं.

निवडणूक एकशे चाळीस मतांनी जिंकलो. मिरवणुकीत माझ्या डोक्यावर केस नव्हते, सगळा गुलाल टाळूलाच बसला. आठ दिवस निघाला नाही. मला तुझी आठवण येते, सायली. रोज येते. हे सहा वर्षं कुणाला सांगितलं नाही, आणि सांगायला घरात कोणी नव्हतंही.

तुझ्या आईला मी घेऊन येतो. ती एकटी एवढा प्रवास करू शकत नाही.

अण्णा


उमापूर
१८ फेब्रुवारी २०२५

सायली,

पंचविसाला सकाळी पोचतो. तू सांगितलंस तसं स्टँडवर सोडीन.

एक मागणं आहे. एका टेबलावर नको, ठीक. पण 'अन्नब्रह्म'मध्ये भिंतीकडेला एक दोघांचं टेबल आहे आणि त्याला लागून चौघांचं. फोटोत दिसतं. मी दोघांच्यावर एकटा बसतो. तुम्ही शेजारी बसा. माझ्याशी बोलायचं नाही, बघायचंही नाही. मी पाठ करून बसायला तयार आहे. जेवण झालं की मी आधी उठून जाईन. लेकीला सांगायची गरज नाही मी कोण.

दिपालीला फोनवर एवढंच कळवलंस तरी चालेल, हो किंवा नाही.

अण्णा


सागरछाया लॉज, रत्नागिरी
२७ फेब्रुवारी २०२५

सायली,

तू दिपालीला 'नाही' कळवलंस. ते माझ्यापर्यंत पोचलं होतं. तरी मी परतीच्या गाडीत बसलो नाही. 'सागरछाया'त खोली घेऊन तीन दिवस राहिलोय. चादरीला खरंच वास येतो. त्या तिघांची मी चेष्टा करायला नको होती.

परवा स्टँडवर प्रविण आला. मला वाटलं होतं तू येशील, निदान लांब रिक्षात बसलेली तरी दिसशील. मी सगळ्या रिक्षांत बघितलं. त्याने वाकून माझ्या पायाला हात लावला, "मामा, प्रवास बरा झाला का?" म्हणाला. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवायचं विसरलो. तुझ्या आईची पेटी त्याने खांद्यावर घेतली. सगळा प्रवास ती खिडकीशी बसली होती, कंडक्टरशी बोलली, शेंगावालीशी बोलली, पुढच्या सीटवरच्या पोराला गोळी दिली. स्टँडवरून जाताना तिने एकदा मागे वळून बघितलं. मला वाटलं काही म्हणेल. ती पिशवी राहिली का ते बघत होती.

'अन्नब्रह्म'ला रोज बारा वाजता जातो. पहिल्या दिवशी वाढप्याने विचारलं किती जण, मी चार म्हणालो. दोन वाजेपर्यंत चौघांचं टेबल अडवून बसलो, गर्दीच्या वेळी, तरी तो बिचारा काही बोलला नाही. काल दोन म्हणालो. आज त्याने विचारलंच नाही, भिंतीकडेला एक पान वाढलं. घावणे खाल्ले. बरे असतात, पोट भरत नाही.

समुद्र बघितला. लोक त्याच्यासाठी एवढा खर्च करून का येतात ते मला समजलं नाही. पाणी येतं, जातं, आणि आपल्यासारख्याला करायला काही नसतं. काठावर बरीच कुटुंबं होती. प्रत्येक चार वर्षांच्या पोरीकडे मी बघत होतो, मग एका बापाने माझ्याकडे बघितलं, म्हणून उठलो.

उद्या सकाळच्या गाडीने निघतो. तुझ्या आईला आणायला कधी येऊ, ते कळव.

अण्णा


उमापूर
८ मार्च २०२५

सायली,

हे पत्र तू शेवटपर्यंत वाच, कारण तुझ्या आईने तुला जे सांगितलं असेल किंवा अजून सांगायचं असेल, त्यातलं निम्मं खोटं आहे, आणि खोटं माझं आहे.

अठ्ठाविसाला सकाळी मी लॉजवरून निघत होतो, तेवढ्यात प्रविण आला. पत्रांत मीच लॉजचं नाव लिहिलं होतं, त्याने फोन करून विचारलं म्हणे. हातात फडक्यात बांधलेला डबा. "मामा, सायलीनं दिलाय. वाटेत खा म्हणली." आणि म्हणाला, "आत्या आत्ताच येत न्हाईत. राहू द्या त्यांना." तुझ्या आईला तो आत्या म्हणतो, हे मला तेव्हा कळलं. मी डबा घेतला. तळाला अजून गरम होता. पहाटे उठून केला असशील.

गाडी सुटली आणि मी तो मांडीवर घेऊन बसलो. कोल्हापूर येईपर्यंत विचार करत होतो. दहावं घातलं त्याच्या हातचं खायचं नाही. कोण बघतंय? मीच बघत होतो. सहा वर्षं ज्या गोष्टीचा आधार घेऊन मी मान ताठ ठेवली, ती एका घासाने संपणार होती, आणि मग गंगेवर मी जे केलं ते नुसतं पाप उरणार होतं, रीत नाही. तरी पंढरपूर मागे पडेपर्यंत माझं ठरलं होतं. खायचा. गाडी जेवायला थांबली की सगळ्यांबरोबर बसून उघडायचा आणि खायचा. मला भूकही लागली होती. सकाळपासून मी मुद्दाम काही खाल्लं नव्हतं.

कुर्डुवाडीला शहादेव गाडीत चढला. लग्नाला आला होता म्हणे. माझ्या शेजारीच बसला. बार्शीच्या पुढे गाडी ढाब्यावर थांबली, मी बाकड्यावर बसलो, फडक्याची गाठ सोडायला घेतली. गाठ तू नेहमी मारतेस तशी होती, घट्ट. शहादेव पाण्याचा तांब्या घेऊन समोर आला.

"काय सरपंच, डबा? कुनी दिला?"

मी नखाने गाठ उकरत राहिलो.

"कोकणातून आलाव म्हणं तुमी. लेकीकडं गेलते का काय?"

तो हसत विचारत होता. त्याच्या मनात काही असेल-नसेल. आता निवडणूक नाही, मी सरपंच नाही, मला कुणी विचारत नाही. तरी माझ्या तोंडातून निघालं, "न्हाई बे. कुनाचा तरी ऱ्हायलाय हितं."

"मंग ठेवा तसाच. कुनाचा काय माहीत," म्हणाला. मी गाठ पुन्हा आवळली आणि डबा बाकड्याच्या टोकाला सरकवला. शहादेवने दोघांसाठी शेवभाजी सांगितली. मी खाल्ली. मला ती गेली, सायली. पोटभर गेली. गाडीचा भोंगा वाजला, शहादेवने मला हात धरून वर घेतलं, आणि डबा तिथेच राहिला. गाडी निघाल्यावर खिडकीतून दिसत होता. एक बाई टेबल पुसत त्याच्याकडे येत होती. गाडी थांबवा, एवढं म्हणायचं होतं. शहादेव शेजारी होता.

परवा फोन आला. प्रविणचा नंबर. पलीकडे तुझी आई. सहा वर्षांनी ती माझ्याशी बोलली. म्हणाली, "डबा खाल्ला का?"

मी म्हणालो, "खाल्ला."

"सायली इचारतीया. खाल्ला आसंल तर पाडव्याला या म्हणतीया. घरी. हाटेलात न्हाई."

मी म्हणालो, "येतो."

मागे एक पोर काहीतरी मागत होतं, तुझा आवाज त्याला "थांब गं" म्हणाला. सहा वर्षांनी तुझा आवाज ऐकला. मग तुझ्या आईने विचारलं, "काय होतं त्यात?"

मी म्हणालो, "भाकर होती. शेंगदान्याची चटणी होती."

ती म्हणाली, "बरं." आणि फोन ठेवला. ते बरं कसं होतं ते चाळीस वर्षं संसार केलेल्या माणसाला कळतं.

पाडव्याला मी येत नाही. बोलावणं डबा खाल्लेल्या माणसाला होतं. तुझ्या आईला परत पाठवू नको, तिचं इथे काही राहिलेलं नाही. गाय मी विकणार आहे.

हॉटेलं शोधायचा खटाटोप मी परत करणार नाही, तुला त्रास देणार नाही. दिपालीलाही तसं सांगितलंय. फक्त एवढंच कळव, एका ओळीत, पोस्टकार्डावर चालेल. डब्यात काय होतं?

अण्णा